ज्ञानकोशाचे बिनपगारी संपादक

विकिपीडियाचे नाव आता खेड्यातल्या शाळेतही पोचले आहे. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठीत तो १ मे २००३ पासून आहे. त्याची पाने लिहिणारे कोणी पगारी पंडित नव्हेत. तुमच्याआमच्यासारखीच माणसे फावल्या वेळात ती लिहितात. आणि जगाचा स्वभाव असा, की कोणी फुकटचे काम मन लावून करू लागला, की त्याची थट्टा करावयाचीच!

पाश्चात्त्य देशांत या संपादकांचे एक ठरीव चित्र आहे. एकलकोंडा पुरुष, ना मित्र ना संसार, रात्रभर संगणकापुढे बसून दुसऱ्यांच्या चुका हुडकणारा. कोणी म्हणाले, "आज ऊन फार आहे," तर हा विचारणार, "पुरावा काय?" पुरावा न दिलेल्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करण्याची तेथे रीत आहे, तिच्यावरून हा विनोद निघाला.

थट्टेला आधार अगदीच नाही, असे मात्र नव्हे. ब्रायन हेंडरसन नावाचे एक अमेरिकन संगणक-अभियंते आहेत. इंग्रजीतला एक शब्दप्रयोग त्यांना अशुद्ध वाटतो. २००७ पासून ते तो हुडकून हुडकून दुरुस्त करू लागले. २०१५ साली त्यांच्यावर लेख छापून आला, तोवर अशा दुरुस्त्या ४७ हजारांवर गेल्या होत्या! हसू येते खरे. पण वह्या तपासणाऱ्या गुरुजींनी हसण्यापूर्वी स्वतःची लाल शाई आठवावी. खुरपणी कंटाळवाणी म्हणून कोणी पिकात तण ठेवीत नाही.

एकलकोंडेपणाचे म्हणाल, तर व्हर्जिनियातील स्टीव्हन प्रुइट पाहा. २०१९ च्या सुमारास त्यांच्या दुरुस्त्या ३० लाखांच्या घरात होत्या. आणि हे गृहस्थ चार लोकांत मिसळून समूहगानात गातात.

त्या चित्रातली 'पुरुष' ही रेघ मात्र खरी आहे, आणि तेथे थट्टा संपते. २०११ च्या पाहणीत दहा संपादकांपैकी सुमारे नऊ पुरुष निघाले. मे २०१८ मध्ये कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील पानाचा मसुदा एका संपादकाने परत केला. कारण नियमाचे होते. ज्याच्यावर पान लिहावयाचे, त्याच्याविषयी त्रयस्थांनी पुरेसे लिहिलेले असावे लागते. बाईंविषयी तसे संदर्भ मसुद्यात नव्हते. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचे पान नव्हते. संपादकाने नियम पाळला हो, पण वृत्तपत्रांनीच ज्यांची दखल घेतली नाही, त्यांना हा नियम दाराबाहेर ठेवतो.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील भौतिकशास्त्रज्ञ जेस वेड यांनी त्यावर उपाय काढला, तोही याच नियमांत राहून. उपेक्षित स्त्री-शास्त्रज्ञांची शेकडो चरित्रे त्यांनी संदर्भांसह लिहून काढली आहेत.

शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला 'इतिहास' जोडलेला असतो. कोणत्या दिवशी कोणता शब्द बदलला, हे तेथे ओळीने दिसते. वर्गात एखादे पान वाचून झाले, की मुलांना तोही उघडून दाखवावा.