‘गोळ्या दिल्या होत्या, खाल्ल्या नाहीत’

गरोदर बाईचं रक्त कमी भरलं की उपकेंद्रात एक वाक्य हमखास ऐकू येतं: गोळ्या दिल्या होत्या, तिने खाल्ल्या नाहीत. ऐकणारे मान डोलावतात. बाई निष्काळजी, घर अडाणी, विषय मिटला. गावच्या आरोग्यसेवेबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या एका वाक्यात सापडतात, म्हणून सुरुवात गोळीपासूनच करू.

गैरसमज: लोक अज्ञानामुळे आजारी पडतात, नीट समजावलं की झालं.

सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज लोहाची एक गोळी घ्यायची असते. ही गोळी अनेकींना सोसत नाही. मळमळतं, शौचाला खडा होतो. पोटात अन्न असलं तर मळमळ कमी होते. पण जी बाई पहाटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते आणि नुसत्या चहावर रानात जाते, तिच्या पोटात सकाळी अन्न असतंच कुठे? त्यात चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. घरी संडास नसेल, किंवा असून पाणी नसेल, तर अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं. अशा बाईला बद्धकोष्ठ म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक. सासू म्हणते, गोळीने बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं. हे खरं नाही. पण बाळंतपण अडलंच तर रात्री गाडी मिळेल का आणि तालुक्याला वेळेत पोचू का, हा तिचा प्रश्न खराच आहे. तिची भीती अंतराची आहे.

उपकेंद्रातली अनुभवी सिस्टर, म्हणजे एएनएम, हे सगळं घरात गेल्यावर पाहते. गोळी सकाळी नको, रात्री जेवणानंतर घे, वर लिंबू पीळ, असं सांगते. सुनेसोबत सासूलाही बसवून घेते, नवऱ्याशी बोलते. पुढच्या फेरीला खालची पापणी ओढून पाहते आणि रिकामं पाकीट मागते. दवाखान्याच्या टेबलावरून यातलं काहीच दिसत नाही.

गैरसमज: दवाखाना जवळ आला की आरोग्य सुधारतं.

दवाखाना हवाच, याबद्दल वाद नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. ही कमाई मोठी आहे आणि तिच्यामागे एएनएम आणि आशाताईंची पायपीट आहे. पण त्याच पाहणीत 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आधीच्या पाहणीत हे प्रमाण 48 टक्के होतं. म्हणजे बाळंतपण दवाखान्यात गेलं, रक्त मात्र वाढलं नाही. 2019-21 च्याच पाहणीत 20 ते 24 वयाच्या दर पाच बायकांमागे एकीपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जिचं स्वतःचं अंग अजून भरायचं आहे, तिच्या पोटी बाळ वाढत असेल, तर रक्त पुरणार कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या मायकेल मार्मट आयोगाने 2008 साली हेच मांडलं होतं: माणूस जन्मतो, वाढतो, राबतो ती परिस्थितीच त्याचं आरोग्य बरंचसं ठरवते.

गैरसमज: सगळ्यांना सारखी सेवा दिली की न्याय झाला.

ऊसतोड कामगार बाईकडे पाहा. दिवाळीच्या आसपास बीडहून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. तिची गरोदरपणाची नोंद गावच्या उपकेंद्रात, ती मात्र कुठल्याशा कारखान्याच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. गावची सिस्टर घरी जाते तेव्हा दाराला कुलूप असतं. फडाजवळच्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. कागदोपत्री दोन्हीकडे सेवा चालू असते. फक्त तिलाच ती मिळत नाही.

तपासणीला जायचं तर मजुरी बुडते. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. पाळीच्या तक्रारी अंगावर काढल्या जातात आणि शेवटी एखादा खासगी डॉक्टर पिशवी काढायला सांगतो. 2019 मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी पाहणीत बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. या बायकांना ‘सारखी’ सेवा पुरणार नाही. त्यांच्यासाठी फडावर संध्याकाळी, काम सुटल्यावर तपासणी हवी.

आणि ही कल्पना सरकारला नवी नाही. सपाटीवर 5000 लोकांमागे एक उपकेंद्र, तर डोंगरी-आदिवासी भागात 3000 मागे एक, हा निकषच सांगतो की जिथे अडचण जास्त तिथे सेवा जास्त लागते. फक्त तो निकष राहत्या लोकसंख्येवर चालतो, हंगामी माणसं त्यात मोजली जात नाहीत.

गैरसमज: अन्न, घर, मजुरी हा आरोग्यखात्याचा विषय नाही.

झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना महिन्याचं जादा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. 2023 साली निष्कर्ष आले: ज्या घरांत हे पोचलं तिथे नवा क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी झालं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन इमारतींत, जिथे खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, तिथे क्षयाचा संबंध घराच्या रचनेशी असल्याचं दिसलं आहे. तेव्हा रेशनकार्ड आहे का, चूल कुठे आहे, खिडकी उघडते का, हे विचारणं म्हणजे सिस्टरने कामाबाहेर नाक खुपसणं नव्हे. ते तिचं कामच आहे.

गैरसमज: गावातली कमी शिकलेली बाई काय उपचार करणार?

याचं उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिलं. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या आरोग्यकामासाठी निवडलेल्या बायका बऱ्याचशा निरक्षर आणि दलित, वंचित समाजातल्या होत्या. ज्यांना गावात काही जण पाण्याला शिवू देत नसत, त्यांनीच पुढे घराघरांतली बाळंतपणं सुखरूप केली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा निबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात फेऱ्या मारतात, त्याची मुळं तिथे आहेत. एवढं करूनही आशाताई सरकारी कर्मचारी नाहीत, मोबदल्यावर राबतात. विषमतेशी लढणारी बाईच विषमतेत आहे, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

यंदा तुमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली, तर तिच्यात गरोदर बाई किंवा तान्हं मूल आहे का ते विचारा आणि गावच्या आशाताईला कळवा. तपासणी, लसीकरण आणि सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे. त्या बाईचं गाव दुसरं आहे, एवढ्यासाठी तिला परत पाठवू देऊ नका.