टँकरवरचा फसवा 'इन'

एसटीच्या खिडकीतून कधी पेट्रोलचा टँकर पाहिलाय? त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हायली इनफ्लेमेबल'. आता बघा हं. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. 'इन' लागला की अर्थ उलटा! फ्लेम म्हणजे ज्योत. मग इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं? आणि तेही पेट्रोल?

छे! इंग्रजीत लॅटिनमधून दोन 'इन' आलेत. दिसायला जुळे, स्वभाव मात्र वेगळे. एक 'नाही' म्हणतो, दुसरा 'आत' म्हणतो. इथं आहे तो दुसरा. लॅटिनमध्ये 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणं. म्हणून इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. आपला 'ज्वालाग्राही' शब्द किती सरळ! ज्वाला धरणारा तो ज्वालाग्राही, विषय संपला.

पण आगीच्या बाबतीत गैरसमज परवडत नाही. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संस्थेनं सांगितलं, तो 'इन' काढा, नुसतं 'फ्लेमेबल' लिहा. दोन्हींचा अर्थ एकच!

आगीजवळ साधा, ओळखीचा शब्दही कसा फसवतो, ते बघा. बेंजामिन ली व्हॉर्फ हे अमेरिकेतले भाषेचे मोठे अभ्यासक. पोटापाण्यासाठी मात्र ते आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत होते. आगी का लागतात, हे तपासायचं त्यांचं काम. त्यांच्या लक्षात आलं, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात. 'रिकाम्या' पिंपांजवळ मात्र खुशाल सिगारेट ओढतात. रिकामं म्हटलं, की भीती पळाली!

खरी गंमत इथंच आहे. पेट्रोल जळतं म्हणजे त्याची वाफ जळते. रिकाम्या पिंपात पेट्रोल नसलं तरी वाफ असते, आणि तिच्यात हवाही मिसळलेली असते. एक ठिणगी पडली की धडाम! रॉकेलला पेट घेण्याइतकी वाफ सोडायला साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब लागते. पेट्रोल मात्र उणे ४० अंशांच्या कडाक्यातही तेवढी वाफ सोडतं. म्हणून तर पेट्रोल पंपावर काडी ओढायची नसते.

मग न पेटणाऱ्याला इंग्रजीत म्हणायचं तरी काय? नॉनफ्लेमेबल. आग विझवायच्या काही लाल नळकांड्यांत भरलेला कार्बन डायऑक्साइड त्यातलाच.