महाराष्ट्र केसरीची गदा एकच होती, मग दोन कशा झाल्या? वाचा १९६१ पासूनचा इतिहास

जत्रेच्या मैदानात निवेदकाने "महाराष्ट्र केसरी" एवढं पुकारलं की सगळं मैदान उभं राहतं. पण हल्ली पारावर लगेच दुसरा प्रश्न येतो, "कुठला महाराष्ट्र केसरी? कोणत्या संघटनेचा?" हा प्रश्न का पडायला लागला, ते समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ही मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभी राहिली. महाराष्ट्र राज्य १९६० ला झालं आणि १९६१ ला औरंगाबादच्या मैदानात पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. तो मान सांगलीच्या दिनकर दह्यारी यांचा. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५९ ला, श्रीपती खंचनाळे दिल्लीत पहिले हिंदकेसरी झाले होते. राज्यातल्या तालमींत तेव्हा नुसती ऊर्जा होती.

विजेत्याला मिळते ती चांदीची गदा. आत लाकूड आणि वरून चांदीचा पत्रा. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबातर्फे ही गदा देण्याची परंपरा आहे. आता थार गाडी आणि रोख बक्षिसंही मिळतात, पण पैलवानाला विचारा, तो गदाच सांगेल.

गदा कोणाकोणाच्या खांद्यावर गेली?

कोल्हापूरच्या दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोनदा गदा घेतली. पुढे २००० मध्ये त्यांचा मुलगा विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाला. बापलेकाच्या घरात गदा! त्यानंतर मात्र कोल्हापूरला २०२२ पर्यंत वाट बघावी लागली. त्या वर्षी साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने ती जिंकली.

सांगली जिल्ह्याच्या चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ ला किताब मिळवला. नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांनी तर सलग तीन-तीन वेळा. म्हणून लोक त्यांना 'ट्रिपल केसरी' म्हणतात. काही वर्षी फायनल निकाली निघालीच नाही आणि किताब रिकामा राहिला. कोरोनाच्या काळातही स्पर्धा झाली नाही.

मुलींना मात्र खूप थांबावं लागलं. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा थेट मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली.

किताब ठरतो कसा?

जिल्ह्याच्या निवड चाचणीतून पैलवान राज्य स्पर्धेत जातात. वेगवेगळ्या वजनगटांच्या कुस्त्या होतात, पण केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा. त्यात दोन विभाग असतात, माती आणि गादी, म्हणजे मॅट. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता समोरासमोर येतात, तीच फायनल. चितपट झाली तर तिथेच निकाल, नाहीतर गुणांवर.

गुण आले तसा पंचांवर भार वाढला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात एका टांगेच्या डावाला दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर चर्चा झाली. फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरमध्ये पंचांच्या निर्णयावरून मोठा गोंधळ झाला आणि दोन पैलवानांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

मग दोन केसरी कसे झाले?

२०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्याची जुनी परिषद बरखास्त केली. त्यानंतर महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ ही दुसरी संघटना पुढे आली. वाद कोर्टात गेला आणि दोन्हीकडून स्पर्धा होऊ लागल्या.

नोव्हेंबर २०२३ चंच बघा. संघाची स्पर्धा पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला झाली. तिथे सिकंदर शेखने फायनलमध्ये शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. त्याच महिन्यात परिषदेची स्पर्धा धाराशिवला झाली, आणि तिथे शिवराज राक्षेच जिंकला. म्हणजे एकाच महिन्यात तोच गडी एकीकडे हरला आणि दुसरीकडे महाराष्ट्र केसरी ठरला.

२०२५ मध्येही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, तर मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके.

आपल्याला काय फरक पडतो?

यात पैलवानाचा दोष नाही. त्याने घाम गाळलाय आणि समोर आलेली कुस्ती मारलीय. पण किताबाचं वजन होतं ते एकच असण्यात. राज्यात वर्षाला एकच गडी, म्हणून त्याला मान, मोठ्या मैदानांची बोलावणी, नोकरीची आशा. नरसिंग आणि विजय या दोघांनाही राज्य पोलिसांत उपअधीक्षक पद मिळालं, हे प्रत्येक तालमीतल्या पोराला पाठ आहे.

दूध, बदाम, तूप यांचा खर्च शेतकरी बाप कर्ज काढून भागवतो. पैलवानाच्या ऐन ताकदीची वर्षं मोजकीच असतात. म्हणून तुमचं पोरगं तालमीत असेल तर निवड चाचणीला पाठवण्याआधी वस्तादांना दोन गोष्टी विचारा. चाचणी कोणत्या संघटनेची? आणि तिथला निकाल राष्ट्रीय स्पर्धेसाठी आणि नोकरीतल्या खेळाडू कोट्यासाठी धरला जाईल का? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.