पेरणी नक्षत्रावर कीं पावसाच्या मापावर?

मृग नक्षत्र लागलें कीं हिंगणघाट, आर्वी, पुलगांव, देवळी येथील बाजारपेठांत बियाण्यांच्या दुकानांपुढें गर्दी उसळते. एक सर येते, शेतकरी कपाशी व सोयाबीन पेरून मोकळा होतो, आणि मग आकाश दहा-पंधरा दिवस कोरडें राहिलें कीं बीं मातींतच नासतें. पुन्हां बियाणें, पुन्हां मजुरी, पुन्हां उसनवार! या दुबार पेरणीस आपण दैव म्हणतों. आमच्या मतें तींत दैवापेक्षां आपल्या अज्ञानाचा वाटा अधिक आहे. आणि त्या अज्ञानास शहरांतील सुशिक्षित व व्यापारी हेही जबाबदार आहेत, म्हणून हा विषय आम्ही आज त्यांच्यापुढें मांडीत आहों.

प्रथम ऋतु होतात कां, हेंच पाहूं. उन्हाळ्यांत सूर्य जवळ येतो, अशी समजूत शिकल्यासवरल्या मंडळींतही आढळते. वस्तुस्थिति उलट आहे. पृथ्वी जानेवारीच्या आरंभीं सूर्यास सर्वांत जवळ, म्हणजे सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटरांवर असते, व जुलैच्या आरंभीं सर्वांत दूर, सुमारें १५ कोटि २१ लक्ष किलोमीटरांवर जाते. ऋतूंचें खरें कारण पृथ्वीच्या आंसाचा सुमारें साडेतेवीस अंशांचा कल हें होय. या कलामुळें कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच सूर्य डोक्यावर येतो. तो पट्टा उष्ण कटिबंध. त्याच्या दोहों बाजूंस समशीतोष्ण व ध्रुवांकडे शीत कटिबंध. वर्धा सुमारें पावणेएकवीस उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधांत आहे. येथें मेच्या चौथ्या व जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत मध्यान्हीं उभ्या काठीची सावली नाहींशी होते. मेमध्यें पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. जुलैंत सूर्य तितकाच डोक्यावर असूनही ढग व ओली जमीन यांमुळें ताप निवतो.

तथापि केवळ अक्षांशानें हवामान ठरत नाहीं. मक्का शहर आमच्याहून पाऊण अंशही उत्तरेस नाहीं. पण तेथें वाळवंट आणि वर्ध्यास वर्षाकाठीं सुमारें हजार मिलिमीटर पाऊस! हा भेद वाऱ्यांचा आहे. उन्हाळ्यांत जमीन समुद्राहून लवकर तापते, ही गोष्ट एडमंड हॅले यानें १६८६ सालींच मोसमी वाऱ्यांचें कारण म्हणून सांगितली. विषुववृत्ताजवळचा पर्जन्यपट्टा उत्तरेस सरकून भारतावर येतो, आणि दक्षिण गोलार्धांतील वारे विषुववृत्त ओलांडतांच पृथ्वीच्या भ्रमणामुळें उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून वाहूं लागतात. अरबस्तानावर मात्र हवा वरून खालीं उतरते व कोरडी होते, म्हणून तेथें पाऊस धरत नाहीं.

अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचें पुष्कळ पाणी सह्याद्रि उतरवून घेतो. वर्ध्याचा भर बंगालच्या उपसागरांत उठून पश्चिमेकडे व वायव्येकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर आहे. असें एक क्षेत्र येऊन गेलें कीं दुसरें येईतों खंड पडतो. शिवाय जूनच्या आरंभींची सर पुष्कळदां मोसमी नसतेच. ती तापलेल्या जमिनीवर उठलेल्या वळवाची असते. अशा एका सरीवर पेरणें म्हणजे पाहुण्यास घरचा धनी समजणें होय.

'मृगाची पेरणी वाडवडिलांपासून चालत आली आहे,' असा आक्षेप येईल. वाडवडिलांनीं आकाश पाहून अनुभव बांधला, तो आम्हांस पूज्य आहे. परंतु नक्षत्रवर्ष ऋतुवर्षाहून सुमारें वीस मिनिटांनीं मोठें असल्यानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवसाचें अंतर पडतें. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या काळापासून मृगाचा आरंभ ऋतूंच्या मानानें सुमारें तीन आठवडे पुढें सरकला आहे. पाऊस ऋतूंस बांधलेला आहे, नक्षत्रास नव्हे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग-सुधारणा समितीनें हें अंतर दाखवून दिलें, व २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशीं जुळणारें राष्ट्रीय पंचांग सुरू झालें. मग नक्षत्राचें वाहन बेडूक कीं उंदीर, यावरून पाऊस ठरविण्याविषयीं काय बोलावें?

शास्त्र सर्वज्ञ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें, १८८६ पासून हंगामी अंदाज देऊं लागलें, तरी तेंही चुकतें. प्रशांत महासागराचें पाणी तापविणारा एल निनो २००९ सालीं होता, तेव्हां देशांत सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला. १९९७ सालीं तो फार प्रबळ असूनही पाऊस सरासरीइतका पडला. मात्र शास्त्र आपली चूक मोजतें व सुधारतें. वाहनाची चूक कोणी मोजीत नाहीं.

तेव्हां करावें काय? कृषितज्ज्ञांचा सल्ला सोपा आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी भिजल्यावांचून कोरडवाहू पेरणी करूं नये. पेरणी फार लांबली तरी उत्पन्न घटतें, हें खरें. म्हणूनच माप रोजचें हवें. प्रत्येक शाळेंत पर्जन्यमापक असावा, मुलांनीं रोज सकाळीं माप घ्यावें, आणि बाजार समितीच्या दारांतील फळ्यावर त्या दिवसाचा व हंगामाचा एकंदर पाऊस लिहिला जावा. बियाणें विकणाऱ्यानें 'मृग निघून चालला' अशी घाई न लावतां गिऱ्हाइकास तो फळा दाखवावा. यांत त्याचेंही हित आहे. नासलेलें बीं पुष्कळदां त्याच्याच उधारीवर गेलेलें असतें.

या जिल्ह्यांत अनेक घरांनीं कर्जापायीं कर्ता माणूस गमावला आहे. त्या दुःखाचीं कारणें पुष्कळ आहेत, व एक फळा लावून तीं सर्व मिटणार नाहींत. परंतु जें एक कारण आपल्या हातचें आहे, तें दैवाच्या माथीं मारण्याचा अधिकार आपणांस नाहीं.