अर्ध्या तिकिटाने एसटीचे भाडे वाढवले का?

25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले आणि दोष महिलांच्या अर्ध्या तिकिटावर आला. हिशेब तसे सांगत नाही. मार्च 2023 पासून महिलांना माफ झालेली निम्मी रक्कम राज्य सरकारने एसटी महामंडळाला द्यायची असते. म्हणजे शंभराचे तिकीट 115 झाले, तर वाढीव पंधरातले साडेसात रुपये सरकारच्याच माथी पडतात. आधीची भाडेवाढ ऑक्टोबर 2021 मधली. त्यानंतर तीन वर्षांत सुटे भाग, टायर आणि पगार यांचा खर्च वाढत गेला. कोल्हापूरकर शेजारच्या कर्नाटकातल्या निपाणी-बेळगावकडे बोट दाखवतात: तिकडे बायकांना प्रवास मोफत झाला आणि जानेवारी 2025 मध्ये भाडेही 15 टक्क्यांनी वाढले. पण तिथली आधीची वाढ 2020 मधली होती, मोफत प्रवास 2023 मध्ये सुरू झाला. एवढी वर्षे थोपवलेले दर कधीतरी एकदम चढणारच होते.

दुसरा समज याहून घातक आहे: सरकार एसटीला पोसते. सवलतीची भरपाई हे अनुदान नव्हेच, ती सरकारने प्रवाशाच्या वतीने घेतलेल्या तिकिटाची किंमत आहे. तीही वेळेवर मिळत नाही. मार्च 2025 चा पगार कर्मचाऱ्यांच्या हाती आधी 56 टक्केच पडला, कारण सरकारकडून पुरेसे पैसे आले नव्हते. शिवाय तिकिटातून 17.5 टक्के प्रवासी कर सरकारकडेच जातो. एका हाताने देणे थकवायचे आणि दुसऱ्या हाताने कर घ्यायचा, याला पोसणे म्हणता येणार नाही.

जे एसटीने जात नाहीत त्यांच्या करातून पैसा का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे. महामंडळाच्या कारभारात गळती आहे, ती थांबलीच पाहिजे. पण गगनबावडा किंवा चंदगडच्या वाडीवरची गाडी कितीही काटकसरीने चालवली तरी तिकिटावर भागत नाही, आणि तीच गाडी बंद झाली तर पोरींची शाळा सुटते. मोटारीसाठीचा रस्ताही सगळ्यांच्या करातूनच होतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. कोल्हापूर शहरातल्या केएमटी बससेवेचे दुखणेही याच जातीचे: ती महापालिकेचा उपक्रम, त्यामुळे तिची तूट शहराच्या तिजोरीवर पडते आणि एसटीतली अर्ध्या तिकिटाची योजना तिला लागू नाही. तोट्यातल्या फेऱ्यांसाठी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम अर्थसंकल्पात धरावी, आणि ती सवलतीच्या भरपाईपेक्षा वेगळी, दर महिन्याला द्यावी.