आकाशांतील टपाल आणि राजकारण

रामगिरीवरील यक्षानें मेघाकरवीं निरोप धाडिला, तेव्हां त्या मेघास वाटेंतील कोणत्याहि राजाचा परवाना लागला नाहीं. हा रामगिरि म्हणजे नागपुराजवळील रामटेक, असें पुष्कळ विद्वान् मानतात. विमानाचें मात्र तसें नाहीं. आपल्या भूमीवरील आकाशावर त्या त्या राष्ट्राचीच सत्ता, असें १९१९ च्या पॅरिस येथील करारानें ठरलें, आणि पत्रांच्या थैलीसाठीं आकाशांतहि नाकीं उभीं राहिलीं.

हिंदुस्थानांत विमानानें टपाल प्रथम गेलें तें १८ फेब्रुवारी १९११ रोजीं. आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें प्रयागाहून यमुनेपलीकडे नैनीस नेलीं. तें अंतर अवघें दहा किलोमीटरांचें. लंडनहून कराचीस येणें म्हणजे अनेकांच्या अंगणांतून जाणें. इंग्रजांची इंपीरियल एअरवेज कंपनी १९२७ सालीं कैरोहून बसऱ्यापर्यंत आली. पुढें इराणनें वाट अडविली. आखातावर इंग्रजांचें प्राबल्य आधींच होतें, त्यांत विमानतळांची भर इराणास नको होती. किनारा सोडून देशाच्या मध्यभागांतून जा, असें त्याचें म्हणणें. पण तो मार्ग डोंगराळ व बिकट. अखेर थोड्या मुदतीची परवानगी मिळाली आणि ३० मार्च १९२९ रोजीं लंडनहून कराचीची डाक सुटली. मुदत सरतांच, १९३२ सालीं, कंपनीनें समोरचा अरबी किनारा धरिला व शारजाच्या शेखाशीं करार करून तेथें मुक्काम केला.

इकडे डचांस जावा गांठावयाचें होतें, फ्रेंचांस सैगांव. दोघांचीहि वाट कराची, अलाहाबाद, कलकत्ता अशीच. म्हणजे इराणच्या दारीं याचक असलेले इंग्रज येथें दाते होऊन बसले होते. ज्यांचें आकाश, त्या आपल्या लोकांस मात्र कोणी विचारीत नव्हतें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीची डाक अहमदाबादमार्गें मुंबईस आणिली. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं ती मद्रासेस नेली. सरकारनें अनुदान दिलें नाहीं, तरी मार्ग टिकला. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें विमान मुंबईहून कैरो व जिनेव्हामार्गें लंडनास निघालें, तें स्वतंत्र देशाचें म्हणून.

याचें फळ आमच्या चांद्याच्या मुलुखासहि, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसहि, मिळालें. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विमानें रात्रीं नागपुरास एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करूं लागलीं. नागपुरापुढें आगगाडी होती. आणि रानांतील खेड्यांकडे शेवटीं पायीं चालणारा हलकारा!

वाचकांच्या घरीं हवाई डाकेचें एखादें जुनें पाकीट असल्यास त्यावरील शिक्के मुलांस अवश्य दाखवावे. खुशालीच्या चार ओळी पोहोंचविण्यास किती दरबारांचे उंबरठे झिजवावे लागले, हें त्यांस कळेल; आणि आपलें आकाश आपल्या स्वाधीन असणें म्हणजे काय, हेंहि उमजेल.