जालन्याचे बियाणे

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात जुनीच. पण आपल्या पानातल्या भेंडीचे या पाळण्याशी काही नाते असेल, हे पुण्या-मुंबईच्या गृहिणीच्या स्वप्नीही येणार नाही!

भेंडीची पाने पिवळी पाडणारा एक रोग असे. दिल्लीच्या पुसा संस्थेने त्याला तोंड देणारा ‘पुसा सावनी’ हा वाण काढला. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी त्याचे बी वाढवून विकले आणि १९६४ साली ‘महिको’ कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

संकरित कपाशीचे बी तयार होते कसे? उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज संध्याकाळी हाताने खुडायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिला लावायचे. एकेका कळीला हेच! हे नाजूक काम बहुतेक बायामाणसेच करतात. पुरस्काराच्या बातमीत त्या कुठे नसतात, हे मला खटकते.

शिवाय संकरित पिकाचे बी राखून पुन्हा पेरले, तर तसेच पीक येत नाही. पूर्वी शेतकऱ्याच्या घरची म्हातारी राखेत घोळून बी जपत असे. आता मृग जवळ आला, की तोच शेतकरी पिशवीचा भाव विचारीत दुकानापुढे उभा असतो.